जिच्या जागेवर मी खेळले

एकाहत्तर साल असावं. आमच्या जळगावच्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ सामन्यासाठी धुळ्याला गेला होता. मी संघात नवीन. ज्या उंचीमुळे आमच्या गावी, असोद्यात, माझ्या लग्नाची काळजी चाले, त्याच उंचीसाठी मला घेतलं होतं. साऱ्या जणी चेंडू माझ्याकडे उंच फेकायच्या आणि मी तो बास्केटमध्ये टाकायचे.

मध्यंतरात मी नळावर पाणी प्यायला गेले. तिथे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई तान्हं मूल कडेवर घेऊन उभी होती. चेंडूचा टप्पा पाडावा तशी तिची बोटं मुलाच्या पाठीवर पडत होती.

“माझ्या जागेवर तूच आलीस ना?” तिनं विचारलं.

लग्न होऊन संघातून गेलेली, जिच्याबद्दल मी फक्त ऐकलं होतं, ती ही.

“छान खेळतेस गं. आम्ही साऱ्या बुटक्या, म्हणून पाचही जणी पळायचो. आता चौघी नुसत्या उभ्या असतात.” ती हसली. “मी आले होते, हे त्यांना सांगू नकोस. घरी देवळात जाते म्हणून सांगितलंय. त्या हाका मारत येतील आणि घरी कळेल.”

मी मान डोलावली.

आम्ही जिंकलो. परतीच्या एस.टी.त कॅप्टन म्हणाली, “धुळ्यातच दिलीय तिला, पण एकदा डोकावली नाही. संसारात पडल्या की विसरतात.” मग माझी पाठ थोपटून म्हणाली, “बरं झालं बाई, तू आलीस!”

शब्द दिला होता, म्हणून मी गप्प राहिले. पण त्या शाबासकीची इतकी लाज वाटली, की जळगाव येईपर्यंत मी मान वर केली नाही.