तिला श्वास घ्यायला मीच सांगितलं

औंढ्याच्या रस्त्याला आमच्या गावची बारव आहे. चौकोनी, दगडी पायऱ्यांची. पाणी इतकं स्वच्छ की तळ हाताशी आहे असं वाटावं, पण खोल इतकं की दगड टाकला तर तो कुठे गेला ते कळू नये. छत्तीस-सदतीस सालच्या उन्हाळ्यात त्या बारवेत एक माणूस मेला आणि त्याचा ठपका त्याच्या बायकोवर आला. तो ठपका खोटा होता हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ती, दुसरा मी. ती आता नाही. मी ऐंशी पार केली आहे. हे फार आधी लिहायला हवं होतं.

तो माणूस पाणबुड्या होता. कयाधू नदीच्या काठच्या भोयांपैकी. आसपासच्या गावांत कुणाची घागर विहिरीत पडली, नाडा तुटून मोट तळाला गेली आणि गळ टाकूनही निघाली नाही, की त्याला बोलावणं यायचं. तो एकटा कधी जायचा नाही. बायको बरोबर असायची. त्याच्या कमरेला दोर बांधलेला आणि दोराचं दुसरं टोक तिच्या हातात. त्याने दम भरला की तीही भरायची. तो पाण्यात गेला की ती काठावर तोंड मिटून उभी. तिचा दम संपला की ती दोर ओढायची. हेच त्यांचं घड्याळ. तिचा दम त्याच्यापेक्षा थोडा कमी, म्हणून तो नेहमी वेळेत वर यायचा.

"हिचा दम माझ्याहून जास्त असता तर मी कवाच गेलो असतो," तो म्हणायचा.

"बोलायला बरा दम पुरतो तुमचा," ती म्हणायची.

गावाने या साध्या हिशेबाचा नेम करून टाकला होता. माणूस खाली असताना बाईने श्वास घेतला, तर पाण्यातल्या आसरा त्याचे पाय धरतात, असं बायका सांगत. तो हसायचा. ती हसायची नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा, गावच्या शाळेत मास्तर. हिंगोलीच्या कचेरीत माझे मामा कारकून होते. त्यांच्याकडून जुनी इंग्रजी मासिकं यायची. त्यातल्या एकात एका लोखंडी गोळ्याचं चित्र होतं. त्या गोळ्यात दोन माणसं बसली आणि त्यांना जाड दोराने समुद्रात अर्धा मैल खाली सोडलं. गोळ्याला जाड खिडक्या, आत हवा, आणि वर जहाजावरच्या लोकांशी बोलायला टेलिफोनची तार. तिथपर्यंत आधी जिवंत माणूस गेला नव्हता. हे मी शाळेच्या ओट्यावर बसून पाणबुड्याला वाचून दाखवलं. गावात आणखी कुणाला त्याचं अप्रूप वाटलं नसतं.

तो पुन्हा पुन्हा विचारायचा. "दोर कोन धरतंय?"

"यंत्र आहे जहाजावर."

"अन् दम?"

"दम धरायचाच नाही. आत हवा आहे."

"म्हंजे बायकोची तकलीफ न्हाई," तो म्हणाला. मग गंभीर झाला. "खाली काय दिसलं त्याहिला?"

मी वाचलं, की खाली जाताना आधी तांबडा रंग जातो, मग पिवळा, मग सगळं निळं आणि शेवटी काळं. तो एकदम सरळ बसला. "बराबर! माझा करदोडा लाल हाय. बारवेत खाली गेलो की काळा दिसतो. मला वाटायचं माझे डोळेच बिघडले." मग म्हणाला, "मास्तर, पंचवीस वर्सं झाली मला बुड्या मारून. तळाला हात घालायचा, घागर धरायची अन् निघायचं. तळ कवा बघितला न्हाई मी. एकडाव निवांत बसून बघायचा हाय."

या वाक्यापुढे जे झालं ते माझं आहे.

पाण्याने भरलेल्या परातीत पालथा पेला दाबला तर आतला कागद कोरडा राहतो, हा प्रयोग मी वर्गात दाखवत असे. तो मी त्याला दाखवला. मग आमच्या घरचं लग्नकार्याचं तांब्याचं मोठं तपेलं आणलं. काठावर वडिलांचं नाव कोरलेलं होतं. ते पालथं करून काठाला दोर बांधले, ते तरंगू नये म्हणून त्या दोरांना जात्यांच्या दोन जड दगडी तळ्या लटकवल्या आणि मोटेच्या चाकावरून तपेलं पाण्यात सोडलं. त्याने खाली जायचं, तपेल्यात डोकं घालायचं, तिथली हवा घ्यायची, पुन्हा तळ बघायचा. मला वाटलं, आम्हीही तसा गोळा बनवला.

पहिल्या दिवशी तपेलं दोन परस खाली ठेवलं, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. तो गेला, आणि थोड्या वेळाने पाण्यावर बुडबुडेच बुडबुडे आले. मागून त्याचं डोकं. तो पाण्यातच हसत वर आला होता.

"काय झालं?" ती ओरडली.

"मास्तरच्या बापाचं नाव उलटं वाचलं!" त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. "अन् हवा बी तांब्याची लागती."

दुसऱ्या दिवशी तळाशी जायचं ठरलं. सहा परस पाणी होतं. भर दुपारची वेळ धरली, कारण तेव्हा ऊन सरळ बारवेत उतरतं. तेव्हा पायऱ्यांवर कुणी नसतं हेही एक कारण होतं. गावाला आधी सांगायचं नव्हतं. तळ बघून आल्यावर सांगायचं होतं.

ती दोर हातात घेऊन उभी राहिली. "मी काय करू मंग? माझा दम तितका पुरायचा न्हाई."

"दम धरूच नका, वहिनी. तुम्ही श्वास घ्या. ते दोर हलवतील तेव्हा ओढा."

"आजवर असं केलं न्हाई."

"त्यांच्याजवळ हवा आहे. तुम्ही दम संपला म्हणून ओढलंत तर सगळं फुकट जाईल."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मास्तर शिकलेले हाईत. आईक त्यांचं." आणि त्याने दम भरला, दात आवळले आणि गेला.

ती सवयीने तोंड मिटून उभी होती. मी मनात आकडे मोजत होतो. साठ-सत्तरपर्यंत तिचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा दिसू लागल्या. मी पुन्हा म्हणालो, "वहिनी, श्वास घ्या." तिने डोळे मिटले आणि श्वास घेतला. नेमक्या त्याच वेळी दोन बायका धुणं घेऊन वरच्या पायरीवर आल्या. तपेलं केव्हाच तळाशी गेलं होतं आणि पाण्यावर ऊन चमकत होतं. त्यांना एवढंच दिसलं, की दोर पाण्यात आहे आणि ही मास्तरशी बोलते आहे.

"किती झालं, मास्तर?"

"होतंय. थांबा."

तीनशेच्या पुढे दोर हलला. तिने ओढायला सुरुवात केली, नेहमीसारखी भराभर, हातावर हात टाकत. मी पाण्याकडे बघत होतो. बुडबुडे आले नाहीत. एकही नाही. तो वर आला, पायरी धरली, तिच्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायचं होतं त्याला. तोंड उघडलं तर त्यातून लालसर फेस आला. दुसरा हात छातीकडे गेला आणि पायरीवरचा सुटला. आम्ही दोघांनी त्याला ओढून घेतला. मी त्याची छाती दाबली, पालथा केला, हाका मारल्या. मला काही येत नव्हतं. थोड्याच वेळात तो गेला.

माणसं जमली, त्याला उचलून गावात नेलं. मी "दोर गोळा करून येतो" म्हणून मागे राहिलो. तपेलं ओढून वर काढलं, जात्याच्या तळ्या पाण्यात टाकून दिल्या आणि तपेलं उपरण्याने झाकून परसदाराने घरी आणलं. हे मी गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर म्हातारी माणसं बसली. त्या दोन बायकांनी बघितलेलं सांगितलं. तिला बोलावलं.

"दोर पान्यात असताना श्वास घेतला व्हता का तू?"

"घेतला."

"काहून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाखाली उभा होतो. शाळेचं काय होईल, वडील काय म्हणतील, तपेलं बाहेर निघेल, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. ती वाट बघत होती. फार वेळ नाही; तिच्या एका दमाएवढी. मग खाली बघून म्हणाली, "सुटला."

त्यानंतर तिला कुणी बारवेवर पाणी भरू दिलं नाही. ती दिसली की बायका घागर उचलून बाजूला व्हायच्या. महिनाभराने ती डोंगरकडा या गावी भावाकडे निघून गेली.

अठ्ठेचाळीस साली इकडे रझाकारांची धामधूम माजली, तेव्हा आमच्यासारखे कितीतरी लोक सरहद्दीवरचा कनेरगावचा नाका ओलांडून वाशिमकडे गेले. तिथे निर्वासितांच्या छावणीत एक माणूस भेटला. त्याने मुंबईच्या गोदीत वर्षानुवर्षं पाणबुड्यांना पंपाने हवा पुरवायचं काम केलं होतं. एका दुपारी मी त्याला विचारलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट असल्यासारखं. त्याने लगेच सांगितलं.

"खाली घेतलेली हवा दाबलेली असते. वर येताना ती फुगते. श्वास सोडत सोडत यायचं असतं. तुमचा माणूस तोंड बंद करून आला असणार. छाती फाटते."

वरून दम भरून नेला तर तो वर येताना पुन्हा होता तेवढाच होतो, म्हणून पंचवीस वर्षं दात आवळून येणं बरोबर होतं. माझ्या तपेल्यातली हवा घेतल्यावर तीच सवय त्याला घातक ठरली. पहिल्या दिवशी तो वाचला, कारण तो हसत वर आला.

त्या हिवाळ्यात मी डोंगरकड्याला गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. केस पांढरे झाले होते. मी सगळं सांगितलं. ती सूप हलवत ऐकत राहिली.

"म्हंजे मी दम धरला असता तरी..."

"तरी काही उपयोग नव्हता. चूक तुमची नव्हती, वहिनी. माझी होती. त्या दिवशी पारावर तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तुमी सांगाल म्हणून थांबले. तुमी न्हाई बोलले. मंग मी बोलून कोन ऐकणार व्हतं?" सूप थांबलं. "पहिल्या दिवशी हसत आले व्हते. दुसऱ्या दिवशी खाली असं काय दिसलं असंल, की हसू आलं न्हाई?"

जहाजावरच्या लोकांजवळ खालचं ऐकायला टेलिफोनची तार होती. आमच्याजवळ नुसता दोर होता.

उठताना तिने एकच गोष्ट मागितली. "बारवेवर चार बायका असतील तवा सांगा, मास्तर. मला तिथं यायचं न्हाई. पण सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

गावात आलो तेव्हा काही घरं जळालेली होती, काही कुलपात होती. पारावर बसणाऱ्यांपैकी निम्मे उरले नव्हते. मी स्वतःला म्हणालो, गाव जरा जागेवर येऊ दे. मग माझं लग्न झालं, बदली झाली, मुलं झाली. मधे किती उन्हाळे गेले. एकदा डोंगरकड्याचा एक माणूस बाजारात भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, ती म्हातारी गेली. तिकडेही लोक तिला दम सुटलेली बाई म्हणत, असं त्याने सांगितलं. त्यालाही मी काही बोललो नाही.

आता बारवेवर कुणी पाण्याला येत नाही. सांगायला चार बायका मिळणार नाहीत. म्हणून इथे लिहितो.

तिचा दम सुटला नव्हता. तिने तो माझ्या सांगण्यावरून सोडला. आजवर असं केलं नाही, असं ती म्हणाली होती. मी तिला दोनदा सांगितलं. आणि पारावर तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी तोंड मिटून उभा होतो.