यमामाची बट

यमामाअक्का आमच्या शेजारची. आमच्या तेर्का गावच्या दगानदेवाच्या देवळात नैवेद्याला लागणारं जवाचं पीठ ती पाट्यावर वाटायची. हातांना इतके घट्टे की भट्टीतून भाकरी काढताना तिला चटका जाणवत नसे. नवरा गेल्यापासून वर्षाकाठी एकदा-दोनदा तिच्या अंगात दगानदेव यायचा. शुद्धीवर आली की आधी विचारायची, पीठ सांडलं नाही ना?

त्या वर्षी तिची लेक तापानं गेली. आमच्या रीतीप्रमाणे यमामानं डोकं भादरलं, वर दुखवट्याचं फडकं बांधलं. महिनाही झाला नव्हता, तोच देवाला बळी द्यायच्या दिवशी ती देवापुढे कोसळली. कापणीच्या दिवसांत लुटारू नदी उतरून येतील, कापणाऱ्यांना तटाच्या आत घ्या, असं तिच्या तोंडून निघालं. तिचा एकुलता एक मुलगा याशूब त्याच शेतांवर होता. माझा दीरही तिथेच. आणि शेतं राजाची, त्यामुळे मारी शहरातल्या राजवाड्यातून हुकूम आल्याशिवाय कुणाला विळा खाली ठेवता येत नव्हता.

राजाचा कारभारी आला. पाट्याकडे बघून म्हणाला, "देव बोलला की हा पाटा?" मग मात्र त्यानं बोल लिहून घेतला आणि नेहमीप्रमाणे तिच्या केसांची बट नि पदराची कड मागितली. अंगात आलेल्या बाईची ही खूण राजवाड्यात जाते, तिच्यावरून मेंढा कापून त्याच्या काळजात कौल बघतात, मगच बोल खरा धरतात. खुणेशिवाय आपण पत्र नेणार नाही, असं त्यानं सांगितलं आणि तो अंगणात जाऊन बसला.

यमामानं फडक्यावर हात ठेवला. केस वाढेपर्यंत कापणी उरकली असती.

मीच पुढे झाले. "अक्का, माझी घे. देवाला काय, कुणाची आहे ते कळतंच की."

"देवाला कळतं गं," ती म्हणाली. "मेंढ्याला कळेल का?"

पण तिनं नाही म्हटलं नाही. तिनंच माझी बट कापली आणि आपल्या पदराच्या कडेत गुंडाळून दिली. कारभाऱ्यानं त्यावर चिखलाची मोहर केली.

नवव्या दिवशी उत्तर आलं. कौल वाईट लागला होता. या बाईच्या तोंडून देव बोललेला नाही, कापणी चालू ठेवा. यमामानं ऐकून घेतलं आणि ती वाटायला बसली. मेंढ्यानं खोटं सांगितलं, असं मला आजही म्हणवत नाही. ज्या बाईची बट होती, तिच्या अंगात देव कधी आलाच नव्हता.

पुढच्या पंधरवड्यात लुटारू आले. अकरा प्रेतं गाढवांवरून आणली. याशूब त्यांत होता. माझा दीर परतला, एका हातानिशी. यमामानं जेमतेम पेरभर वाढलेले केस पुन्हा भादरले.

दगान तिच्या अंगात पुन्हा आला नाही. दोष तिनं मला दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मी रोज देवापुढे तेल ठेवते, पण माझ्यानं काही मागवत नाही.

दोन वर्षं गेली. तिचे केस खांद्याला लागले. एका सकाळी मी जव निवडत होते, तेव्हा ती दारात आली आणि ओंजळ माझ्यापुढे धरली. तिच्या जुन्या पदराच्या कडेत करड्या केसांची एक बट होती.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "आता त्याच बोलाबरोबर ही पाठव."