एकच दात

"एकच दात, भाऊ!" असं म्हणून तो ऑईलनं माखलेलं बोट नाकासमोर उभं धरायचा, जणू प्रसन्न झालेला देव वर देतोय. प्रकाशा गावातला आमचा मेकॅनिक. त्याचं बोनेट उघडणंही पाहण्यासारखं. पडदा वर जावा तसं!

मंडळी, जुन्या पेट्रोल गाडीत इंजिनाची हवा मोजणारा एक काळा डबा असतो. झाकण उचकटलं की आत स्प्रिंगवरचं दातेरी चाक. ते एक दात आवळलं की गाडीला पेट्रोल कमी मिळतं. अ‍ॅव्हरेज वाढतं, गिऱ्हाईक खूश. "उपाशी गाडी बरी पळस," हे त्याचं तत्त्वज्ञान. सुरतेहून आणलेल्या स्वतःच्या गाडीचे तर किती दात आवळले होते, देव जाणे. चढ दिसला की ती खोकायची.

बायको चहा घेऊन यायची आणि आम्हाला सांगायची, "गाडीले उपाशी ठेवतस, आनि घरमा साखर बी एकच दात आनतस!" सर्वांत मोठ्यानं तोच हसायचा.

एकदा आखाजीच्या सणानंतर ते दोघं नवरा-बायको आणि मी, असे तिघं त्याच्या गाडीनं मोलगीच्या बाजाराला गेलो, आमचूर घ्यायला. परतताना तिच्या छातीत कळ आली. अक्कलकुव्याचा दवाखाना गाठायचा होता. घाटातल्या चढावर गाडी खोकली, तापली, थांबली.

त्यानं बोनेट उघडलं. हात भाजत होते, तरी डब्याचं झाकण काढलं आणि चाक उलटं फिरवू लागला. एक दात, आणखी एक दात. इंजिन नुसतं घरघरलं. मागच्या सीटवर आमचुराचं गाठोडं धरून ती म्हणाली, "आते तरी पिऊ द्या ना तिले."

माणसांनी लदलेली एक जीप आली. लोक खाली उतरले, तिला जागा दिली, उन्हात चालू लागले. दवाखान्याच्या आधीच ती गेली.

"झटका मोठा होता. गाडी चालती, तरी वाचल्या असत्या असं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यानं ऐकून घेतलं. मानलं नाही.

पुढे कुणी म्हणालं, "भो, अ‍ॅव्हरेज काढी दे," की तो झाकण उघडून चाक उलटंच फिरवायचा. "पिऊ दे तिले."

"अरे, गाडी शे का बेवडी?" गिऱ्हाईक ओरडायचं. हसायला आम्ही होतो. तो हसायचा नाही. गिऱ्हाईकं शहाद्याला जाऊ लागली.

स्वतःची गाडी त्यानं पुन्हा रस्त्यावर काढली नाही. रोज सकाळी भिंतीला पाठ करून उभी असलेली ती चालू करायचा, मागचं दार उघडून शेजारी स्टुलावर बसायचा. गाडी काळा धूर ओकत पोटभर प्यायची.

आता तो नाही. गाडी भंगारात गेली, गॅरेजात पिठाची गिरणी आलीय. गिरणीवाल्यानं भिंतीला दोनदा चुना दिला. गुडघ्याएवढ्या उंचीवर धुराचा तो काळा डाग पुन्हा वर आलाय.