एकच टोपी

आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंना थांबणं माहीतच नव्हतं. डबासुद्धा बाहेर कट्ट्यापाशी उभ्यानेच खायच्या. मी तिथे भांडी धुवायला आणि बर्फ फोडायला होतो.

काम त्यांनी मला समजावलं होतं. मिथेनॉलमधल्या द्रावणातून वीज सोडली की रेणूच्या दोन्ही टोकांना टोप्या चढतात. मग पातळ आम्लाने एकच टोपी उतरवायची. दुसरीही उतरली तर उरतं पिवळं, नाकात झोंबणारं क्विनोन, आणि सगळी मेहनत पाण्यात.

ताईंच्या घाईपायी आधीचे दोन्ही प्रयत्न पिवळे झाले होते. प्रयोगशाळेच्या साहेबांनी बजावलं, "या वेळी बिघडलं तर काम बंद."

एक टोपी उतरली की लगेच आम्ल मारून काम थांबवायला सोड्याचं पाणी लागतं. त्याचं जड भांडं ताईंनी माझ्या हातात दिलं. "काका, मी सांगेन तेव्हाच ओता."

त्या थेंब थेंब आम्ल सोडत होत्या, मधूनमधून नमुन्याचा ठिपका पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर तपासत होत्या. माझे हात भरून आले.

"ताई, ओतू?"

"थांबा!"

"तुम्ही मला थांबा म्हणताय?"

"हसू नका, सांडेल! थांबा... थांबा... ओता!"

मी ओतलं. पट्टीवर दोन टोप्यांचा जुना ठिपका गेला होता, एका टोपीचा नवा उमटला होता, आणि क्विनोनचा मागमूस नव्हता!

"एकच उतरली, काका! एकच!" ताई ओरडल्या.

त्या दिवशी त्यांनी डबा खाली बसून खाल्ला.