दही सोडल्यावर

आमच्या माळव्यातल्या मराठीत कुणी बारीक झालं की ‘तब्येत कमी झाली’ म्हणतात, आणि तेही कौतुकानं. मला आता ते शब्द ऐकवत नाहीत.

आई-बाबा धारला, मी देवासला शाळेत शिकवते. बाबांचं अंग भारी, गुडघे दुखायचे. पण शेवटचा भात दह्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून आई रोज त्यांच्यापुरतं वाडगाभर दही लावायची. एकदा शेजारच्या गृहस्थांनी ओट्यावर बसून निकाल दिला, “भिया, रात का दही छोड़ दो. शरीर इसी से फूलता है.” आईचं म्हणणं बाबांनी जन्मात कधी इतक्या मुकाट्यानं ऐकलं नसेल. दुसऱ्या दिवसापासून दही बंद.

आणि वजन खरंच उतरायला लागलं. बाबांच्या पॅन्ट्स कमरेत आवळायला शिंप्याकडे गेल्या. दिवाळीत मी गेले तर गल्लीतला जो तो विचारत होता, काका, तब्येत कमी केलीत, करता तरी काय? बाबा अगदी गंभीर चेहऱ्यानं दह्याचे तोटे समजावून सांगत. इतके खूश मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिले नव्हते.

मग त्यांना जेवणच नको झालं. इंदूरला तपासण्या केल्या, तर पोटात कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. आईनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, “दही छोड़ दिया था, इसलिए सूख गए ना? अब खिलाऊं तो वजन वापस आएगा?”

“माताजी, दही से कुछ नहीं घटा है,” डॉक्टर म्हणाले. “खाने का मन हो तो खिलाइए.”

आईनं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. मला भयंकर राग आला, शेजाऱ्यांचा, दह्याचा आणि आईचाही. पण तिला दहीच दोषी हवं होतं. दह्यानं नेलेलं दह्यानं परत आणता आलं असतं.

मी रजा टाकून धारला राहायला आले. आईनं वजनाचा काटा आणवला आणि दर रविवारी सकाळी बाबांना त्यावर उभं करायला लागली. रोज दोन वेळा दही. बाबांना आता त्याच्या वासानंही मळमळायचं, तरी ते डोळे मिटून चमचा चमचा गिळत. तिनं वाटी पुढे केली की नाही म्हणत नसत. काट्यावर मात्र भिंतीला धरून का होईना, स्वतःच चढत.

एका रविवारी काटा जरासा पुढे सरकला. थंडीची म्हणून बाबांनी जाड बंडी घातली होती.

“मी तर बोलतच होते,” आई म्हणाली. “भरतंय अंग. तुम्ही फिकर नका करू.”

“हो, आता तोंडालाही बरं लागतं,” बाबा म्हणाले.

त्या दिवशी आई पोटभर जेवली. खोटं कशाला सांगू, मलाही आशा वाटली. डॉक्टरांना काय कळतं, असंही मनात येऊन गेलं.

त्याच आठवड्यात बाबांची शुद्ध गेली. दारात अ‍ॅम्ब्युलन्स उभी, बाबा आत आडवे, आणि आम्हाला घराचं कुलूप सापडेना. त्या महिन्यात कोणी ना कोणी घरात असल्यानं ते लावायची वेळच आली नव्हती. मी कोनाडे, फडताळं, सगळं उलथंपालथं केलं. आई तोवर दवाखान्याच्या पिशवीत बाबांचे कपडे भरत होती. तिनं खुंटीवरची बंडी ओढली, तर ती जड लागली.

आतल्या खिशात कुलूप होतं. जुनं, पितळेचं, चांगलं वजनदार. शेजारी देवघरातली घंटाही होती.

आईनं कुलूप तळहातावर घेऊन जरा वरखाली केलं.

“एवढंच वाढलं होतं तर,” ती म्हणाली, आणि दार ओढून घेऊन ते लावलं.