सुनंदाक्कांचे फाटके भाते

बंगळुरातल्या राजाजीनगरच्या सुनंदाक्कांनी ऑनलाइन ओळखी वाढवायचं मनावर घेतलं आणि दोन महिन्यांत सहाशे माणसं जोडली. त्यांत लग्नातले आचारी होते, विमा एजंट होते, समाजाच्या मंडळाची झाडून सगळी कार्यकारिणी होती. हळदीकुंकवाला गल्लीतली एकही बाई वगळायची नसते, तसंच हे, अशी त्यांची समजूत. कुणाला बढती मिळो, कुणाचा वाढदिवस असो, सुनंदाक्का अभिनंदन करून मोकळ्या. काम मात्र एकही आलं नाही.

आणि काम फार हवं होतं. कारखान्यातल्या मशीनच्या सरकत्या भागावर लोखंडाचा चुरा पडू नये म्हणून बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं घड्याघड्यांचं आवरण बसवतात. ते भाते शिवायचं दुकान नवरा गिरीधर गेल्यापासून बावीस वर्षं त्यांनी एकटीने ओढलं. ज्या एका मोठ्या कारखान्यावर सगळं चालायचं, तो यंदा परराज्यात गेला. दसऱ्याच्या आयुधपूजेपर्यंत नवं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर जाड कापडाचं शिलाई मशीन विकायचं आणि सर्जापूर रोडला मुलीकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं. चिकपेटेतले कापडवाले विठोजी मशीन घ्यायला तयारही होते. मुलीचं घर छान होतं, चौदाव्या मजल्यावर. सुनंदाक्कांना तिथे जायचं नव्हतं, बस्स.

"आई, हे हळदीकुंकू नाही गं," मुलगी शिल्पाश्री फोनवर वैतागली. "तुझं काम ज्यांना लागतं, त्यांना गाठ की."

कुणाला लागतं? सुनंदाक्का विचार करत बसल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या दुकानाची पायरी एकाही मालकाने चढली नव्हती. यायचा तो मेंटेनन्सचा माणूस, फाटका भाता काखेत मारून, तेलकट हातांनी. मग त्यांनी शहरातल्या पीण्या भागापासून येलहंक्यापर्यंतच्या कारखान्यांतले मेंटेनन्सवाले शोधून काढले. विनंत्या पाठवल्या, चकचकीत नव्या भात्यांचे फोटो टाकले. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

एके दिवशी चिडून त्यांनी दुरुस्तीला आलेल्या फाटक्या भात्याचाच फोटो टाकला आणि कानडीत लिहिलं: हा एकाच कडेला फाटलाय. दोष भात्याचा नाही, खालची पट्टी तिरकी बसलीय. आधी ती सरळ करा, नाहीतर नवा घेतलात तरी तीन महिन्यांत जाईल.

"अक्का, असं लिहिलं तर नवा कोण घेणार हो?" शिवणाऱ्या अंबूबाईंनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी येलहंक्याच्या एका कारखान्यातून विनोदकुमार नावाच्या मेंटेनन्सवाल्याचा निरोप आला. त्यांचे भातेही असेच फाटत होते. सुनंदाक्का बसने गेल्या, पट्टी सरळ करून घेतली आणि जुन्याच भात्याला ठिगळ लावून परत आल्या. विनोदकुमार खूश. ऑर्डर शून्य. अंबूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

पण सुनंदाक्कांना आता चटक लागली होती. कधी गरम चुऱ्याने जळालेला भाता, कधी तेल पिऊन फुगलेला. प्रत्येकाचं दुखणं काय आणि उपाय काय, ते त्या रोज लिहू लागल्या. खाली तेलकट हातांची माणसं शंका विचारू लागली, हुज्जत घालू लागली. सगळी मिळून जेमतेम ऐंशी असतील. सहाशेंच्या वाढदिवसांना आता सवड कुणाला होती!

आयुधपूजेच्या चार दिवस आधी विनोदकुमारांचा फोन आला.

"अक्का, आमचा नवा विभाग सुरू होतोय. साठ भाते लागतील. मॅनेजरांनी तीन नावं मागितली, मी एकच दिलं. नवा घेऊ नका म्हणणारी बाई दुसरी कुठून आणू?"

फोन ठेवून सुनंदाक्का रडल्या, अंबूबाईंच्या देखत. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. विठोजी होते.

"अक्का, मशीन न्यायला टेंपो कधी पाठवू?"

"आत्ताच पाठवा अण्णा," नाक पुसत त्या म्हणाल्या. "पण रिकामा नको. जाड कापडाचे चार तागे टाकून पाठवा."