शैलाने मागितलेलं एक वर्ष

मंगळवारी सकाळी साडेनऊला हरसूलहून फोन आला. शैला गेली, असं पलीकडून सांगितलं. मी गॅस बंद केला, मुलीला, मुक्ताला, पुण्याला कळवलं, नाशिकच्या द्वारका चौकातून रिक्षा केली आणि स्टँडवर जाऊन हरसूलच्या बसमध्ये बसले.

त्याला आता सात आठवडे झाले. शैला माझी धाकटी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्या सकाळी ती मुलांना पाण्याच्या टाकीच्या पायाची आखणी करून देत होती. चुन्याची फक्की मारून झाली, दोरी ताणून झाली, आणि ‘जरा बसते’ म्हणून ती विटांच्या चळतीवर बसली. मुलांना वाटलं, दमली असेल. दोरीची दोन टोकं धरून मुलं तशीच उभी राहिली, बाई पुढचं सांगतील म्हणून...

लहानपणी मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात आणि शैला टेबलफॅन खोलून अंगणात, असं आमच्या घरातलं दृश्य असायचं. ‘एक वाचते, एक खोलते,’ असं वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी मराठीची शिक्षिका झाले. तिनं बांधकामाचा डिप्लोमा केला, काही वर्षं एका कंत्राटदाराकडे काढली आणि एक दिवस ते सोडून हरसूलजवळच्या एका पाड्यावर वर्ग सुरू केला. आठवी-दहावीत शाळा सुटलेल्या मुलामुलींसाठी, दिवाळी ते दिवाळी, एक वर्षाचा. तिकडची माणसं भातकापणी उरकली की सायखेड्याच्या बाजूला द्राक्षबागांवर कामाला उतरतात. मुलं बरोबर जातात आणि शाळा मागे राहते. अशा मुलांना ती ठेवून घ्यायची. पहिली दोन वर्षं वर्गाला छप्परसुद्धा नव्हतं. गवंडीकाम, पंपाची दुरुस्ती, आंब्याची कलमं बांधणं, सगळं उघड्यावर आणि सगळं खरं. सरावासाठी म्हणून तिनं एक भिंत कधी बांधून घेतली नाही. कुणाच्या तरी गोठ्याची पायरी, कुठल्या तरी शाळेच्या टाकीचा चौथरा, असंच काम असे. आणि एक नियम होता : ज्यानं बांधलं, त्यानं ते आधी वापरायचं. पायरी बांधणाऱ्यानं डोक्यावर भरलेली घागर घेऊन ती चढायची. घागर हिंदकळली की मुलं ओरडत, ‘भिजला रे भिजला!’ शैला शांतपणे म्हणायची, ‘पायरी चुकली. तो नाही चुकला. उकला आणि परत बांधा.’

माझी मुलगी मुक्ता दहावीची परीक्षा देऊन त्या मे महिन्यात मावशीकडे राहायला गेली. मी तिला आणायला गेले तेव्हा ती स्वतः बांधलेल्या ओट्यावर बसून जेवत होती. ओटा एका बाजूला कलला होता आणि ताटातलं वरण कडेला जमा झालं होतं.

‘मुक्ते, वरण पळालं बघ तुझं!’ एक मुलगी म्हणाली.

‘पळू दे. मीठ कमी हाय त्याला,’ मुक्ता म्हणाली. माझी मुलगी ‘हाय’ म्हणत होती आणि हसत होती. लाल खुणांनी भरलेल्या शाळेच्या वह्या दप्तराच्या तळाशी दडवणारी मुलगी! चार दिवस ती त्या ओट्यावर जेवली. पाचव्या दिवशी तिनं तो आपल्या हातांनी फोडला, पाण्याची नळी लावून पातळी पाहिली आणि नव्यानं बांधला. तो पुरा होईपर्यंत ती घरी यायला तयार नव्हती.

जूनमध्ये निकाल लागला. मुक्ता गणितात नापास झाली. पुढच्याच आठवड्यात शैला पिशवीभर आंबे घेऊन घरी आली.

‘ताई, पोरीला एक वर्ष माझ्याकडे राहू दे.’

‘आणि शिक्षण?’

‘पुढच्या वर्षी शिकेल की. कॉलेज काय वरण आहे पळून जायला?’

मुक्ता खुदकन हसली. मी हसले नाही. म्हणाले, ‘तुझ्याकडे येतात त्यांना दुसरा रस्ता नसतो, शैला. हिला आहे.’

शैलानं रिकाम्या पिशवीची नीट घडी केली आणि म्हणाली, ‘चहा टाकतेस ना?’ त्याच वर्षी मी नववीला ‘श्रमप्रतिष्ठा’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. चांगले निबंध वर्गात वाचूनही दाखवले होते.

मुक्तानं पुरवणी परीक्षा दिली, कॉमर्स केलं, पुण्यात एका कंपनीच्या ऑफिसात लागली. तिचं वाईट काहीच झालं नाही. म्हणूनच मला माझी चूक कळायला इतकी वर्षं लागली.

शेवटची भेट माझ्याच स्वयंपाकघरातली. शैला पंपाचे सुटे भाग घ्यायला नाशिकला आली होती. गुडघा चोळत खुर्चीवर बसली आणि म्हणाली, ‘हाताखाली कुणीतरी तयार व्हायला हवं होतं गं. सगळं माझ्या डोक्यातच राहिलंय.’

‘मग लिहून काढ.’

‘तुझं सगळ्याला एकच औषध!’ ती हसली. ‘लिहिलेलं वाचून भिंतीला ओळंबा धरता येत नाही, ताई. शेजारी उभं राहावं लागतं.’

कुणी उभं राहायला हवं होतं, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. तिनं नाव घेतलं नाही. माझं चुकलं, एवढे दोनच शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी विचारलं, ‘अजून पोहे घेतेस?’

दहाव्या दिवशी पाड्यावर विधी झाले आणि मुलं घरी न जाता कामाला लागली. जना नावाची सतरा वर्षांची मुलगी त्यांच्यात मोठी. ती म्हणाली, ‘बाईंनी आखून ठेवलंय. पाऊस पडायच्या आत व्हायला पायजे.’ मला तिनं विटा भिजवायला बसवलं. पुण्याहून आलेली मुक्ता ओढणी कमरेला खोचून पुढे झाली आणि घमेल्यात पाहून म्हणाली, ‘माल पातळ झालाय. वाळू घाला थोडी.’

‘तुमाला कसं कळतं?’ जनानं विचारलं.

‘बाईंनीच शिकवलं. एक महिना होते मी इथे.’

‘फक्त महिनाच?’

‘फक्त महिना,’ मुक्ता म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये तिनं खिडकीजवळची जागा मला दिली. मग म्हणाली, ‘मावशीनं मला नंतर एकदा विचारलं होतं, आई. बी.कॉम. झाल्यावर. येतेस का, म्हणून.’

‘तू काय म्हणालीस?’

‘म्हटलं, आईला विचारावं लागेल. तर म्हणाली, मग राहू दे. तिला परत नाही म्हणायला नको लावायला.’

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. नकार शैलाला मिळाला होता, आणि जपत ती मला होती...

नंतर मुक्ताला मी विचारलं, मावशीचा वर्ग चालवायला जातेस का, म्हणून. माझ्या तोंडून तो प्रश्न पहिल्यांदाच निघाला. ती म्हणाली, ‘आई, एका महिन्याच्या शिदोरीवर मी त्यांना काय शिकवू?’ वर्गातून शिकून गेलेले दोघे रविवारी येऊन जातात. बाकीचे दिवस ते शहरात साइटवर असतात. शनिवारी मी जाते. पावसामुळे बांधकाम बंद आहे, आंब्याची कलमं बांधणं चालू आहे. जनाला जेवढं येतं तेवढं ती बाकीच्यांना दाखवते. मी कलमांना बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या कापून देते. वर्गात अकरा मुलंमुली आहेत. दिवाळीला त्यांचं वर्ष संपेल. पुढच्या वर्षासाठी आतापर्यंत तीन घरांतून माणसं विचारायला येऊन गेली. शिकवणारं कुणी नाही, असं मी त्यांना सांगितलं.